एक्सटेंडेड वॉरंटी घेऊ की नको? कॅमेऱ्यापायी माझा तीस दिवसांचा घोळ

कॅमेरा घ्यायला मला तीन वर्षं लागली आणि त्याची एक्सटेंडेड वॉरंटी (कंपनीची मुदत संपल्यानंतरची, वेगळे पैसे देऊन घ्यायची) घ्यायची की नाही हे ठरवायला तीस दिवस, आणि खरं सांगू का, त्या तीस दिवसांनी जास्त डोकं खाल्लं. आता सगळं होऊन गेलंय, कॅमेरा एकदा बिघडून दुरुस्तही झालाय, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर निम्मे फोन तरी वाचले असते.

मी डोंबिवलीत राहते, नोकरी करते आणि रविवारी पक्षी बघायला जाते. भांडुप पंपिंग स्टेशन, ऐरोलीला खाडीत फ्लेमिंगो, हिवाळ्यात कधीतरी उरण. म्हणजे माझा कॅमेरा जिथे जातो तिथे खारी हवा, चिखल आणि दमटपणा अगदी फुकट मिळतो. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

८ ऑक्टोबर २०२२, शनिवार. खरं तर दसऱ्याला घ्यायचा होता, पण दसरा आला बुधवारी आणि ऑफिसात सुट्टी असूनही घरात पाहुणे, मग शनिवारवर गेलं. फोर्टमधल्या बोरा बझारला गेलो, सीएसएमटीला उतरून चालत. एका दुकानात मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि सोबत येणारी साधी किट लेन्स मिळून ७८,५०० आणि पक्ष्यांसाठी लांबची झूम लेन्स ५२,०००. एकूण १,३०,५००. आकडा ऐकून नवऱ्याने खुर्चीच घेतली बसायला.

दुकानदाराचा पहिला प्रश्न, "बिल पायजे का बिगरबिलाचं देऊ? बरेच कमी होतील." कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी तर २८ होता), त्यामुळे बिगरबिलाचा भाव ऐकून हात शिवशिवतात हे मान्य. पण तो माल बऱ्याचदा बाहेरून आलेला असतो, त्याला भारतातली कंपनी वॉरंटी लागू होत नाही आणि नंतर कुठलाही प्लॅन, कुठलाही विमा घ्यायचा तर पहिली मागणी बिलाचीच होते. मी बिल घेतलं. आणि तिथेच उभं राहून बिलावरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बॉडीच्या खालचा नंबर असे तिन्ही जुळवून बघितले. लेन्सचे नंबर वेगळे असतात, तेही बिलावर लिहून घेतले. दुकानदार थोडा वैतागला, पण त्याने लिहिलं.

पैसे देऊन झाले आणि मग त्याने गल्ल्याखालून ते रंगीत कार्ड काढलं. "मॅडम, दोन वर्षं कंपनीची, वरची दोन आमची. चार वर्षं टेन्शन नाय. काय पण होऊ द्या." बॉडीचे ४,६९९, मोठ्या लेन्सचे २,९९९. एकूण ७,६९८. नवरा म्हणाला, "घेऊन टाक ना, एवढे सव्वा लाख गेले तिथे साडेसात हजाराचं काय." आणि गंमत बघा, मलाही अगदी तसंच वाटलं. एरवी साडेसात हजाराची साडी मी तीन दुकानं फिरून, दोनदा घरी येऊन, मग घेते. पण सव्वा लाखाच्या शेजारी उभे केले की साडेसात हजार चिल्लर वाटायला लागतात, आणि म्हणूनच ते कार्ड बिल फाडून झाल्यावर काढतात, आधी नाही.

मी प्लॅन घेतला असता हो. पण मला टीव्ही आठवला. २०१९ मध्ये टीव्हीबरोबर असाच प्लॅन घेतला होता, तिसऱ्या वर्षी पॅनल गेलं, फोन केला तर म्हणे पॅनल महाग आहे, दुरुस्ती परवडत नाही, त्यामुळे घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापून निम्म्या किमतीचं व्हाउचर देतो, आणि ते व्हाउचर त्याच दुकानात आणि नव्वद दिवसांत वापरायचं. शेवटी ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली (हल्ली नंबर १९१५ आहे, लक्षात ठेवायला सोपा), मग दीड महिन्याने व्हाउचरऐवजी बँकेत पैसे आले. पण तेही निम्मेच. निम्मे का, तर अटींमध्ये तसं लिहिलं होतं आणि मी अटी वाचल्या नव्हत्या. चूक कोणाची म्हणायची.

म्हणून दुकानदाराला विचारलं, हे आजच घ्यायला लागतं का? तो म्हणाला, आज घ्या, आजच्याला ऑफर आहे. मग मी कार्ड उलटं करून बघितलं, मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत घेता येतं. म्हणजे ७ नोव्हेंबरपर्यंत. म्हटलं, विचार करून सांगते. तुम्हीही हे एवढं जरूर विचारा, बहुतेक ठिकाणी अशी मुदत असते आणि ती कोणी आपणहून सांगत नाही.

बुधवारी, १२ तारखेला, दुकानात फोन करून अटींची पीडीएफ मागितली. "पाठवतो." गुरुवारी परत. "पाठवली नाही का अजून?" असे चार फोन झाले आणि १७ तारखेला व्हॉट्सअॅपवर आली, अकरा पानं, तीही कोणीतरी वाकडी स्कॅन केलेली. दिवाळीची साफसफाई, चकल्या, त्यात रात्री अकरानंतर मी ही पानं मोबाईलवर ताणून ताणून वाचतेय आणि एकेका वाक्यावर नवऱ्याला उठवतेय असं दोन रात्री चाललं.

त्यात काय निघालं सांगते. पहिली गोष्ट, ही वॉरंटी कॅमेरा कंपनीची नाहीच, एका तिसऱ्याच कंपनीची आहे. दुकानदार फक्त विकतो. उद्या काही झालं तर फोन त्या तिसऱ्या कंपनीला करायचा. दुसरी गोष्ट, ती सुरूच होते कंपनीची दोन वर्षं संपल्यावर, म्हणजे मी ऑक्टोबर २०२२ मध्ये पैसे भरणार आणि त्याचा पहिला उपयोग झालाच तर ऑक्टोबर २०२४ नंतर. आणि मग ते "काय पण होऊ द्या". पडला तर नाही. भिजला तर नाही. वाळू, धूळ, खारेपणा, गंज, बुरशी, नाही. चोरी नाही. बॅटरी, चार्जर, पट्टा, रबर ग्रिप नाही. व्यावसायिक वापर केला तर काहीच नाही, आणि व्यावसायिक म्हणजे काय याची व्याख्या कुठेच नाही. माझ्या मावसभावाच्या लग्नात मी फोटो काढणार होते आणि मावशी पाकीट दिल्याशिवाय राहणार नव्हती, मग ते काय धरायचं? शिवाय दुरुस्तीचा खर्च घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त आला तर दुरुस्ती नाही, तिसऱ्या वर्षी बिलाच्या ६० टक्के आणि चौथ्या वर्षी ५० टक्के देऊन मोकळे. किट लेन्सबद्दल दुकानदार म्हणाला होता "बॉडीतच येते", पीडीएफमध्ये स्पष्ट होतं की प्रमाणपत्रावर ज्याचा सिरियल नंबर तेवढीच वस्तू.

उरलं काय, तर आतला भाग आपला आपण बंद पडला तर. शटर, मदरबोर्ड, स्क्रीन, बटणं. बरं, हेही काही कमी नाही, मी अगदी निकालात नाही काढलं. पण मला भीती कशाची होती? बुरशीची. बाबांचा जुना रोलचा कॅमेरा आहे आमच्याकडे, कातडी केसमध्ये घालून कपाटात वर्षानुवर्षं ठेवलेला. लेन्स उजेडात धरली की आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी दिसते. लहानपणापासून ती बघतेय, त्यामुळे कॅमेरा म्हटलं की मला आधी तीच आठवते. दुसरी भीती ऐरोलीच्या बोटीची, हातातून सुटून खाडीत पडेल याची. आणि या दोन्हीला त्या अकरा पानांत जागाच नव्हती.

मध्ये दिवाळी झाली. २५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, ते खंडग्रास सूर्यग्रहण होतं, सूर्यास्ताच्या वेळचं. गच्चीवर सगळी बिल्डिंग जमलेली आणि शेजारची पोरं, "काकू, एवढा मोठा कॅमेरा आहे, काढा ना फोटो!" माझ्याकडे सूर्यासाठीचा फिल्टर नव्हता, त्याशिवाय लांबची लेन्स सूर्यावर धरली तर सेन्सर (आतला चित्र टिपणारा भाग) जळू शकतो आणि मिररलेसमध्ये तर सेन्सर उघडाच असतो. मी काढला नाही. पोरं हिरमुसली. पण मनात काय आलं माहितीये, जळला तर अटीत बसेल का. म्हणजे डोक्यात किती घुसलं होतं बघा.

शनिवारी २९ तारखेला मी एक शहाणपणाचं काम केलं, कॅमेरा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. काही बिघडलं नव्हतं, नुसतं विचारायला. टोकन घेतलं, चाळीस मिनिटं बसले. काउंटरवरचा मुलगा आधी गोंधळला, "मॅडम, प्रॉब्लेम काय आहे कॅमेऱ्याला?" म्हटलं, काही नाही रे दादा, तुमच्याकडे कॅमेरे कशासाठी येतात तेवढं सांग. हसला, मग छान बोलला. म्हणाला, सगळ्यात जास्त पडलेले. मग पाणी आणि वाळू, विशेषतः मे महिन्यात आणि डिसेंबरनंतर, लोक गोव्याहून, अलिबागहून येतात ना. पावसाळ्यानंतर बुरशी. शटर गेलेले येतात ते लग्नवाल्यांचे, एका सीझनमध्ये पन्नास-साठ हजार फोटो मारतात ते. हौशी माणसाचं शटर लवकर जात नाही. माझ्या मॉडेलचं शटर बदलायला अंदाजे किती, तर म्हणाला बारा हजार धरा. मदरबोर्ड गेला तर पस्तीसच्या आसपास.

परतीच्या लोकलमध्ये मोबाईलवर हिशेब केला. बॉडीच्या प्लॅनचे ४,६९९, शटरचे १२,०००. म्हणजे माझ्यासारख्या शंभर जणींनी प्लॅन घेतला आणि त्यातल्या चाळीसेक जणींचं तिसऱ्या-चौथ्या वर्षात तेवढं मोठं काम निघालं तर कुठे बरोबरी होणार. आणि माझा वापर किती, एका रविवारी चारशे-पाचशे फोटो, तेही सगळे रविवार नाही. वर्षाला पंधरा हजार धरले तरी चार वर्षांत साठ हजार. मदरबोर्डचं म्हणाल तर ती भीती खरी आहे, पस्तीस हजार एकदम कुठून आणणार, पण तिथे घसारा आडवा येऊ शकतो. लेन्सचा प्लॅन मी तिथेच मनातून काढून टाकला, लेन्समध्ये आपोआप बिघडण्यासारखं त्यामानाने कमी असतं.

मग वाटलं की विमाच बघू. २ नोव्हेंबरला आमच्या घराचा विमा ज्यांच्याकडून घेतो त्या काकांना विचारलं. ऑल रिस्क म्हणून प्रकार असतो, वस्तूची चोरी आणि अपघाती नुकसान त्यात येतं. बॉडी आणि लेन्स मिळून १,३०,५०० साठी त्यांनी वर्षाचे २,१०० आणि वर जीएसटी, म्हणजे २,४७८ सांगितले. बोटीतून पडला तर? येईल, पण प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठराविक रक्कम आपली. गाडीत दिसेल असा ठेवून चोरीला गेला तर भांडण होऊ शकतं, हेही काकांनी आपणहून सांगितलं, त्यांचे आभार. बुरशी? "नाही हो, बुरशी, गंज, आतला बिघाड हे विम्यात येत नसतं." म्हणजे विमा आणि एक्सटेंडेड वॉरंटी या दोन वेगळ्याच गोष्टी, एकात बाहेरून आलेलं संकट, दुसऱ्यात आतून आलेलं, आणि बुरशी दोघांनाही नको.

६ नोव्हेंबरच्या रविवारी रात्री जेवताना शेवटची चर्चा. सासूबाई म्हणाल्या, "मिक्सरच्या, फ्रीजच्या सगळ्या वॉरंट्या मी फाईलला लावून ठेवल्यात, एकसुद्धा वेळेवर सापडली नाही." नवरा अजूनही घे म्हणत होता, त्याचं म्हणणं पैशाचं नव्हतंच, "तुला झोप लागेल ना" असं होतं. आणि हे मी खोटं म्हणणार नाही, काही लोकांना त्या झोपेसाठी ४,६९९ देणं परवडतं आणि त्यात काही वाईट नाही. मला लागली नसती, कारण मी अकरा पानं वाचली होती.

सोमवारी ७ तारखेला दुकानातून फोन आला, शेवटचा दिवस आहे, पाचशे कमी करतो. नाही म्हटलं. फोन ठेवल्यावर पोटात गोळा आला होता, उगाच सांगत नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी केल्या. बँकेत महिना ४०० रुपयांची दोन वर्षांची रिकरिंग उघडली, फक्त कॅमेऱ्यासाठी. विमा पहिलं एक वर्ष घेतला, कारण जानेवारीत भरतपूरला जायचं होतं, रेल्वेचा प्रवास वगैरे, पुढे नाही केला. आणि बुरशीसाठी हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा ६५० ला, त्यात ठेवायला छोटं आर्द्रता मीटर २२० ला आणि अर्धा किलो सिलिका जेल. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिली पाहिजे, डोंबिवलीत जुलैमध्ये खोलीत सहज ८५ च्या वर जाते. फार कोरडंही करू नका, रबर आणि आतलं वंगण सुकतं म्हणतात. रंगीत जेल ओलं झालं की रंग बदलतो, मग मंद आचेवर गरम करून परत कोरडं करता येतं, मात्र त्यासाठी जुनं भांडं वेगळं काढा, निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नको. आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवून कपाटात बंद करू नका, बॅगेचं आतलं मऊ अस्तर ओल धरून ठेवतं. बाबांच्या कातडी केसने हेच केलं होतं. अजून एक, बिल त्या गुळगुळीत कागदावर छापलेलं असेल तर त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवा. माझं बिल वर्षभरात पांढरंफटक पडलं, मेलवर फोटो होता म्हणून बरं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीची वॉरंटी संपली. नोव्हेंबरमध्ये रिकरिंग पिकली, दहा हजार दोनशे आणि वर काहीतरी. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे घेतल्यापासून अठ्ठाविसाव्या महिन्यात, कॅमेरा बिघडला. हसा. मागचं चाक फिरवलं की शटर स्पीड एकदम उड्या मारायचा, १००० वरून सरळ ६०. ऐरोलीला हजारभर फ्लेमिंगो समोर आणि मी चाक फिरवतेय.

६ फेब्रुवारीला सर्व्हिस सेंटरला दिला. जाताना कार्ड, बॅटरी, पट्टा काढून ठेवा आणि जे देताय ते सगळं पावतीवर लिहून घ्या, अगदी बॉडीचं झाकणसुद्धा. तपासणीचे ५९० आधी भरले, दुरुस्ती केली तर ते बिलातून वजा होतात. चार दिवसांनी अंदाजपत्रक मेलवर आलं, वरचं कव्हर उघडून चाकाचा पूर्ण भाग बदलायचा, ६,८४० जीएसटी धरून. मंजूर केलं. पार्ट यायला वेळ लागला, मध्ये मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "उद्या स्टेटस अपडेट होईल." एकोणीस दिवस गेले.

नवऱ्याने अर्थातच लगेच हिशेब मांडला, ४,६९९ आणि ६,८४०, २,१४१ चं नुकसान, मी तेव्हाच म्हटलं होतं. यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. साधं गणित आहे, तो बरोबर होता.

मग २५ तारखेला कॅमेरा आणायला गेले तेव्हा जॉबशीट (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) नीट वाचली. अंदाजपत्रकात नुसतं "डायल खराब" होतं, जॉबशीटवर तंत्रज्ञाने हाताने एक ओळ लिहिली होती, चाकाच्या आत बारीक वाळू आणि क्षाराचे कण आढळले. उरणची वाळू असणार, नाहीतर नवऱ्याच्याच हट्टाने काशिदला गेलो होतो तिथली. काउंटरवर विचारलं, अशी नोंद असताना बाहेरचा प्लॅन असता तर पैसे मिळाले असते का? त्याने खांदे उडवले, "ते त्यांच्यावर आहे मॅडम, आम्ही जे दिसतं ते लिहितो."

घरी येऊन ती ओळ नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, भांडलो असतो. मी म्हटलं, कोण भांडलं असतं? त्यावर तो चहा टाकायला गेला.

रिकरिंगच्या पैशातून ६,८४० वजा जाता साडेतीन हजाराच्या आसपास उरलेत, त्यात परत महिना ४०० सुरू केलेत. मीटर आत्ता ४६ दाखवतंय. दुरुस्तीवर नव्वद दिवसांची वॉरंटी दिली होती, ती २६ मे २०२५ पर्यंत होती, जॉबशीट सासूबाईंच्या फाईलला लावली आहे आणि तिचा फोटो मेलवर.